गोड शेवटाचा राग येतो तेव्हा

पत्र थोडक्यात असं (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत): वाचक ३८ वर्षांचे, सरकारी नोकरीत. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरात आईसोबत राहतात. वरच्या मजल्यावर भाऊ, भावजय आणि शाळकरी पुतण्या. आपण गे आहोत हे त्यांना कॉलेजपासून ठाऊक आहे, घरात कुणालाच नाही. ते ज्या वाचनकट्ट्यावर जातात तिथं येत्या महिन्यात क्वीअर (समलिंगी आणि चाकोरीबाहेरच्या लैंगिक ओळखींच्या माणसांच्या) पुस्तकांवर बोलायचं ठरलंय. त्यासाठी त्यांनी ‘हार्टस्टॉपर’ ह्या दोन शाळकरी मुलांच्या प्रेमाच्या इंग्रजी चित्रकथेचे पहिले दोन खंड वाचले आणि रात्रभर रडले, पण ‘चांगलं रडणं नव्हतं ते, संताप होता’. ‘रेड, व्हाइट अँड रॉयल ब्लू’ ही इंग्रजी प्रेमकादंबरी निम्म्यावर सोडून दिली. ‘कोबाल्ट ब्लू’ ही मराठी कादंबरी मात्र दोन बैठकांत संपवली आणि ती आपलीच वाटली. त्यांचे प्रश्न: मला दुःखच आवडतं का? आनंदी क्वीअर पुस्तकं खोटी नसतात का, त्यातून ती बायकांनी लिहिलेली? कट्ट्यावर नावडलं म्हणालो तर लोक मला समलिंगीद्वेष्टा ठरवतील, मनापासून बोललो तर ओळखतील. मग बोलू काय? आणि शेवटी, जाता जाता विचारल्यासारखं: आईला ‘हार्टस्टॉपर’ वाचायला दिलं तर?

प्रिय वाचक,

तुमचं पत्र वाचताना एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. ‘हार्टस्टॉपर’मधल्या चार्ली आणि निकच्या प्रेमाबद्दल तुम्ही जेमतेम एक ओळ लिहिलीत. दुसऱ्या खंडाच्या शेवटी निक हे प्रेम आईला सांगतो आणि ती त्याला जवळ घेते, त्या मोजक्या चौकटींवर मात्र अख्खा परिच्छेद खर्च केलात. आईच्या चेहऱ्यावर आधी काय उमटतं आणि मग काय, इथपर्यंत. आणि पत्राचा शेवटचा प्रश्न पुन्हा आईचाच.

राग पुस्तकाचा आला असं तुम्ही म्हणता. मला ते पटत नाही. तुम्ही ८७-८८ च्या आसपास जन्मलेले. दिल्ली उच्च न्यायालयानं २ जुलै २००९ ला तुमच्यासारख्यांना गुन्हेगारीच्या शिक्क्यातून सोडवलं तेव्हा तुम्ही बावीसच्या आगेमागे. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला आणि पंचविशी ओलांडलेला माणूस पुन्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ खाली आला. ६ सप्टेंबर २०१८ ला सुटका झाली तेव्हा तिशी उलटलेली. १७ ऑक्टोबर २०२३ ला लग्नाचा हक्क द्यायला न्यायालयानं नकार दिला. शाळकरी मुलगा आईजवळ बसून दोन वाक्यांत जे मोकळं करतो, त्यासाठी तुमच्या आयुष्यात कधी कायदा आडवा आला, कधी घर, कधी नोकरी. ते पान वाचून पोटात कालवलं नसतं तरच नवल.

ह्याला हेवा म्हणा. हेवा म्हणायला लाज वाटत असेल तर शोक म्हणा, आणि बहुधा शोकच आहे तो. जी वर्षं मिळाली नाहीत त्यांचा. केनेथ डोका ह्या अमेरिकी अभ्यासकानं १९८९ मध्ये अशा दुःखांवर एक पुस्तक संपादित केलं: ज्यांना समाज दुःख म्हणून मोजतच नाही, त्यामुळं ज्यांचं सुतक कुणी पाळत नाही अशी दुःखं. न मिळालेल्या सोळाव्या वर्षासाठी कोण भेटायला येणार? मग ते रात्री दीड वाजता एखाद्या इंग्रजी कॉमिकवर संताप होऊन निघतं.

आता ‘मला दुःखच आवडतं’ ह्याकडे वळू. ‘कोबाल्ट ब्लू’ (सचिन कुंडलकर, मौज, २००६) तुम्हाला भिडली ती दुःखी आहे म्हणून, असं तुम्ही गृहीत धरलंत. पण ती बांधली कशी आहे ते बघा. पहिला भाग तनय सांगतो, आणि तो सांगतो घरी पेइंग गेस्ट म्हणून राहून गेलेल्या त्या माणसालाच, ‘तू’ म्हणून. दुसरा भाग अनुजाची डायरी. बहीण-भाऊ एकाच माणसावर जीव टाकतात, तो दोघांना सोडून जातो. घरादाराचं लक्ष अनुजाच्या दुःखाकडं. तिच्यावर चिडायला, तिची काळजी करायला, तिला सावरायला माणसं आहेत. तनयचं काही तुटलंय हे त्या घरात कुणाच्या गावीही नाही. पुण्यातलं मराठी घर, मराठीतली कुजबुज, आणि ज्याच्याशी बोलायचं तो समोर नसणं: तुम्हाला ओळखीची वाटली ती ही रचना. एखादं मराठी पुस्तक ह्याच नेमकेपणानं गोड शेवटाकडं गेलं, तर तेही तुम्हाला आपलं वाटेल असा माझा अंदाज आहे. तशी पुस्तकं मराठीत फार कमी आहेत. तेव्हा रुचीवर शिक्का मारण्याआधी ताटात काय वाढलं गेलं तेही पाहा.

दुःखान्त म्हणजे खरं आणि सुखान्त म्हणजे लाडीगोडी, ही समजूत नुसती तुमची नाही, पुष्कळ जाणत्या वाचकांची आहे. तिचा इतिहास काही फार उदात्त नाही. १९५२ मध्ये अमेरिकेत ‘स्प्रिंग फायर’ ही दोन मुलींच्या प्रेमाची स्वस्त पॉकेटबुक कादंबरी आली. संपादकानं लेखिकेला आधीच बजावलं होतं, शेवट सुखाचा चालणार नाही. टपालखातं अश्लील म्हणून गठ्ठे अडवील. शोकांतिका झाली ती पोस्टाच्या धाकानं. त्याच वर्षी पॅट्रिशिया हायस्मिथनं ‘द प्राइस ऑफ सॉल्ट’मध्ये दोघींना आशेची वाट ठेवली, पण स्वतःचं नाव लपवून, क्लेअर मॉर्गन म्हणून. ई. एम. फॉर्स्टरनं ‘मॉरिस’ १९१३-१४ मध्ये लिहिली; शेवट सुखाचाच हवा ह्यावर तो ठाम होता, आणि ती छापली गेली १९७१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. आपल्याकडं तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगमंचावर आलं. धाडसी नाटक, पण त्यातल्या समलिंगी सुमित्राच्या वाट्याला आत्महत्याच आली. म्हणजे बराच काळ गोड शेवट लिहिणं हीच जोखीम होती. एखादा गोड शेवट तुम्हाला न पटणं वेगळं. सगळेच खोटे म्हणून मोडीत काढू नका.

‘रेड, व्हाइट अँड रॉयल ब्लू’ मात्र न आवडायला तुम्हाला पूर्ण मोकळीक आहे. अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचा मुलगा आणि इंग्लंडचा राजपुत्र: इथं वास्तव शोधायचं नसतंच. रोमान्स हा प्रकार वाचकाला आधीच शब्द देऊन बसलेला असतो की गोष्टीच्या केंद्रात प्रेम असेल आणि शेवट आशेचा असेल. रहस्यकथेत खुनी सापडणार हे ठरलेलं असतं, तसंच हे. तेव्हा ‘शेवट आधीच कळतो’ ही तक्रार इथं लागू नाही. लागू पडणाऱ्या तक्रारी वेगळ्या: दोघांमधला अडसर खरा आहे का, की एका फोननं मिटला असता? ‘आधी वैर, मग प्रेम’ ह्या वळणात वैराला काही कारण दिलंय का? दोघं एकमेकांमुळं बदलतात, की नुसते एकमेकांना सुंदर दिसतात? ह्या कसोट्या लावूनही कादंबरी पडली, तर ती पडली. जाता जाता एक: तुम्ही निम्म्यावर सोडलीत, म्हणजे त्या दोघांची खासगी पत्रं जगापुढं फुटतात तो भाग तुमच्यापर्यंत आलाच नाही. ‘ह्यांना कसलीच भीती नाही’ हे तुमच्या पत्रातलं वाक्य त्यामुळं दुरुस्त करावं लागेल. पुस्तक पूर्ण कराच असं नाही म्हणत.

आणि ‘बायकांनी लिहिलेली’, म्हणजे बाहेरच्यांनी, हे तर सरळ चुकीचं निघतं. ‘हार्टस्टॉपर’च्या ॲलिस ऑसमन स्वतःला अरोमँटिक आणि असेक्शुअल (प्रेमाचं किंवा लैंगिक आकर्षण न वाटणारी व्यक्ती) म्हणवतात, ‘रेड, व्हाइट’च्या केसी मॅक्विस्टन नॉन-बायनरी (केवळ स्त्री किंवा केवळ पुरुष न मानणारी व्यक्ती). दोघंही ह्याच गोतावळ्यातले. पण मला खटकतं ते निराळंच. लेखकाचा दाखला मागायची सवय कुठं नेते पाहा. ‘सायमन व्हर्सेस द होमो सेपियन्स अजेंडा’ लिहिणाऱ्या बेकी अल्बर्टॅलींवर ‘ही स्ट्रेट (समलिंगी नसलेली) बाई आमच्या गोष्टी विकते’ म्हणून इतकी वर्षं झोड उठली की २०२० मध्ये त्यांना, मनात नसताना, आपण बायसेक्शुअल (स्त्री-पुरुष दोघांकडं ओढ असलेल्या) असल्याचं जाहीर करावं लागलं. ‘हार्टस्टॉपर’च्या मालिकेत निक झालेल्या किट कॉनरवर हीच वेळ २०२२ मध्ये, अठराव्या वर्षी आली. आपली ओळख कुणी खेचून बाहेर काढू नये ह्याचं मोल तुम्हाला कुणी सांगायला नको. कट्ट्यावर हा मुद्दा निघाला तर ‘लेखक कोण’ सोडून ‘पानावर काय चुकलं’ इकडं गाडी वळवा.

आता कामाचं. पुस्तक दुखवतं तेव्हा ‘आवडलं नाही’ आणि ‘लागलं’ ह्यांची गल्लत होते. ती सोडवायला एक साधी वही पुरते. पानाचे चार रकाने करा: पान क्रमांक, तिथं काय घडतं (एक ओळ), अंगात काय झालं (घसा दाटला, दात आवळले, पान न वाचताच उलटलं), आणि चौथा रकाना रिकामा. तो दुसऱ्या दिवशी, झोप झाल्यावर भरायचा: वाचताना कोण आठवत होतं? ज्या ओळीत चौथ्या रकान्यात कुणाचं नाव येईल, ती ओळ तुमची. जिथं ‘कुणी नाही, नुसता कंटाळा’ असं येईल, ती पुस्तकाची उणीव. पुस्तकामागं आठ-दहा नोंदी खूप झाल्या. प्रत्येक पानाची नोंद करायला गेलात तर वाचन बाजूला राहून पंचनामा सुरू होईल. त्याच रात्री तारे देऊ नका, समीक्षा लिहू नका; रागाच्या रात्रीचा एक तारा बहुतेक वेळा चौथ्या रकान्यातल्या माणसाला दिलेला असतो. घरात वही कुणाच्या हाती लागेल अशी धास्ती असेल तर नावांऐवजी आद्याक्षरं लिहा आणि वही कचेरीच्या खणात ठेवा. फोनमधल्या नोंदी घरातल्या दुसऱ्या यंत्रावर आपोआप उघडू शकतात, म्हणून कागदच बरा.

पुढं काय वाचावं? लागोपाठ तीन शाळकरी प्रेमकथा नकोत. तुमच्यासारख्या वाचकाला त्या एकाच जागी ठेचा मारत राहतील. आपल्या वयाची माणसं असलेली पुस्तकं मधे घाला. टी. जे. क्लून ह्यांच्या ‘द हाउस इन द सेरुलियन सी’मधला लायनस बेकर चाळिशीचा आहे, सरकारी खात्यात फायली उपसतो आणि एकटा राहतो. गोष्ट जादूची, गोड आहे, पण प्रेम उशिरा येतं आणि ते उशिरा आलंय हे पुस्तकाला माहीत असतं. अँड्र्यू शॉन ग्रीअरची ‘लेस’, २०१८ ची पुलित्झर विजेती, पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या लेखकाची: जुन्या साथीदाराच्या लग्नाला जायला नको म्हणून हा जगभराची आमंत्रणं स्वीकारत सुटतो, भारतातही येऊन जातो. हसवते, आणि शेवटही चांगला. इंग्लंड-अमेरिकेचा कंटाळा आला असेल तर वसुधेंद्र ह्यांचं कन्नड ‘मोहनस्वामी’. रश्मी तेरदाळ ह्यांच्या इंग्रजी अनुवादात २०१६ पासून मिळतं. लहान गावातून बंगळुरूपर्यंत आलेल्या माणसाच्या ह्या कथा सांगली-कोल्हापूरच्या वाचकाला परक्या वाटणार नाहीत. इशरवुडची ‘अ सिंगल मॅन’ ह्या घडीला नको. उत्तम आहे, पण साथीदाराच्या मृत्यूनंतरचा एक दिवस आहे तो. आधीच हललेल्या माणसाला झेपेलच असं नाही.

ही पुस्तकं किंडलवर घेणार असाल तर दोन गोष्टी आज रात्रीच बघा, कारण पुतण्या तेच खातं वापरतो असं तुम्हीच लिहिलंय. एक, यंत्र झोपलं की पडद्यावर चालू पुस्तकाचं मुखपृष्ठ झळकतं. सेटिंग्जमध्ये ‘डिस्प्ले कव्हर’ बंद करा आणि पासकोड लावा. दोन, पुस्तक यंत्रावरून काढलं तरी खात्यातून जात नाही. त्याच खात्यावर चालणाऱ्या पुतण्याच्या टॅबवर ते यादीत दिसत राहतं. ॲमेझॉनच्या संकेतस्थळावर जाऊन खात्यातून कायमचं काढता येतं, पण मग वाचायचं तर पुन्हा विकत घ्यावं लागतं, आणि खरेदीची नोंद तरीही उरते. सरळ उपाय म्हणजे वेगळ्या ईमेलवर स्वतःचं खातं. गुडरीड्सशी (वाचलेल्या पुस्तकांची यादी ठेवणाऱ्या संकेतस्थळाशी) जोडणी असेल तर ती तोडा किंवा तिथलं प्रोफाइल खासगी करा.

कट्ट्यावर दोनच वाटा आहेत असं तुम्ही धरून चाललात: नावडलं म्हणायचं किंवा उघडं पडायचं. मला तिसरी दिसते, आणि ती तुमच्याच वाचनातून आलेली आहे. ‘हार्टस्टॉपर’ आणि ‘कोबाल्ट ब्लू’ ह्यांतली दोन घरं शेजारी मांडा. एका घरात मुलगा सांगतो आणि ऐकणारं माणूस तिथं बसलेलं आहे. दुसऱ्या घरात माणसं भरपूर, पण तनय बोलतो ते निघून गेलेल्याशी. सांगायचं ते सगळं ह्या तुलनेत बसतं आणि ‘मी’ हा शब्द एकदाही लागत नाही. पाच मिनिटं मिळणार असतील तर तीन मिनिटांचंच लिहून न्या. वाचून दाखवलंत तरी चालेल. पहिल्या तिघांत बोला. ताटकळत बसलात की धडधड वाढते, आणि शेवटच्या वक्त्याला प्रश्न सगळ्यांत जास्त येतात.

नावड सांगताना वाक्याची घडण सांभाळा. ‘असं कुठं असतं का?’ हे ऐकणाऱ्याला ‘अशी माणसं कुठं असतात का?’ असं ऐकू जाईल. ‘ह्या दोघांमधला अडसर मला तकलादू वाटला, अमुक प्रसंगात तो आपोआप विरघळतो’ हे कुणालाही खटकणार नाही. ‘तुम्हाला ह्यातलं एवढं कसं माहीत?’ असं कुणी विचारलंच तर ‘वाचतो’ एवढंच उत्तर द्या आणि पुढच्याकडं बघा. ‘माझा एक मित्र आहे’ ही पळवाट टाळा. त्या मित्राचं नाव, गाव, नोकरी पुढच्या महिन्यात पुन्हा विचारतात, आणि तुम्हाला ते लक्षात ठेवावं लागतं. आदल्या दिवशी जिवावर आलं तर जाऊ नका. सर्दी झाली म्हणून कळवायला काही हरकत नाही.

कट्टा चालवणाऱ्यांनाही, जमलं तर कुणामार्फत, एवढं सुचवा: ‘तुम्ही स्वतःला ह्यात कुठं पाहता?’ असा गोल फिरणारा प्रश्न ह्या विषयावर नको. वीस माणसांत उत्तर देणं अवघड जाणारं एखादं तरी असतंच, आणि गप्प राहिलं की तेवढंच नजरेत येतं.

राहता राहिली आई. पुस्तक द्यावं का, तर नको. कारणं अगदी व्यवहाराची आहेत. इंग्रजीतलं चित्रमय पुस्तक आई वाचेल ते परदेशातल्या शाळकरी पोरांचं म्हणून. त्यातून ‘हा माझ्या मुलाबद्दल बोलतोय’ इथवर ती पोचेलच असं नाही. पोचली, तर कधी पोचेल हे तुमच्या हातात राहत नाही. तुम्ही दौऱ्यावर असाल आणि ती वरच्या मजल्यावर जाऊन सुनेला विचारेल. आणि समजा तिनं पुस्तक मिटून ‘काय ही पोरं’ एवढंच म्हटलं, तर त्या तीन शब्दांचा अर्थ लावत तुम्ही वर्ष काढाल. घरी सांगायचं असेल तर आधी एक असा माणूस हवा ज्याला सगळं ठाऊक आहे आणि ज्याच्याकडं त्या रात्री राहायला जाता येईल. स्वतःच्या नावावरचे तीन-चार महिन्यांच्या खर्चाचे पैसे हवेत. आणि वेळ तुम्ही ठरवलेली हवी, सणावाराची किंवा भांडणातली नको. ह्यातलं काही नसेल तर न सांगणं हाही धड निर्णय आहे, त्याला भित्रेपणा म्हणू नका. पुस्तकातली आई चार चौकटींत समजून घेते, कारण तिला तेवढ्याच चौकटी दिल्यात. खऱ्या आईला महिने लागू शकतात, आणि पहिल्या दिवशीचं तिचं वाक्य हेच शेवटचं असेल असंही नाही.

तो पहिला माणूस ओळखीत नसेल तर मुंबईच्या हमसफर ट्रस्टकडं समुपदेशन मिळतं. १९९४ पासूनची संस्था आहे. रात्रीचं रडणं आठवडाभर थांबेना, झोप किंवा जेवण सुटलं, तर टेलिमानस ह्या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास आणि फुकट आहे. तिथं पुस्तकाचं नाव सांगायची गरज नाही, ‘वाचून त्रास झाला’ एवढं सांगितलं तरी बोलणं सुरू होतं.

आणि ‘हार्टस्टॉपर’ पुढं वाचणार असाल तर एक सूचना. तुम्ही दोन खंडांवरून त्याला ‘साखरेचं’ म्हटलंत. तिसऱ्या खंडापासून चार्लीचा खाण्याशी संबंधित आजार आणि स्वतःला इजा करून घेणं समोर येऊ लागतं, आणि चौथ्यात, प्रेम मिळाल्यानं ते बरं होत नाही, उपचार लागतात, हेही येतं. ते भरदिवसा वाचा, सुट्टीच्या दिवशी, आणि कट्टा होऊन गेल्यावर.